पित्ताशयाचे आरोग्य : उपवास, पारणे आणि पेढीवरचा आहार

पर्युषणाचे दिवस सरले, पारणी आटोपली, की आपल्या समाजात एक वार्ता बहुधा कानी येते. अमक्यांच्या पोटात उजव्या बाजूस असह्य कळ आली, रात्री दवाखान्यात न्यावे लागले आणि तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. मग त्यावर दोन प्रकारची मते व्यक्त होतात. कोणी म्हणतो, हा तपश्चर्येचा परिणाम. कोणी म्हणतो, तपाने कधी कोणाचे अनिष्ट झाले आहे काय? पित्ताशयाचे कार्य कसे चालते हे ध्यानात न घेताच दोन्ही पक्ष बोलतात. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा आहाराच्या अंगाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपण ‘पित्त झाले’ म्हणतो तेव्हा छातीतील जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी आणि उलटी आपल्या मनात असते. हा प्रायः जठरातील आम्लाचा त्रास होय. पित्ताशय ही त्याहून निराळी वस्तू आहे. यकृताच्या खालच्या अंगास चिकटलेली ती नासपतीच्या आकाराची सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी असून तीत तीस ते पन्नास मिलिलिटर रस मावतो. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचा बराच भाग या पिशवीत साठतो, तेथे त्यातील पाणी शोषले जाते व तो घट्ट होतो. अन्नातील स्निग्धांश लहान आतड्याच्या आरंभी पोहोचला की आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य रक्तात उतरते आणि त्याच्या आज्ञेने पित्ताशय आकुंचन पावते. या द्रव्याचे अस्तित्व आयव्ही व ओल्डबर्ग या अमेरिकन संशोधकांनी १९२८ साली दाखवून दिले. याचा अर्थ असा की, पोटात अन्न आल्यावाचून ही पिशवी पुरती रिकामी होत नाही.

पित्तरसात कोलेस्टेरॉल असते आणि पित्तक्षार त्यास विरघळलेल्या स्थितीत ठेवतात. कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले, अथवा रस फार काळ एकाच जागी पडून राहिला, म्हणजे त्याचे स्फटिक बनतात, गाळ जमतो व पुढे त्याचा खडा होतो. खड्यांची दुसरी एक जात रक्तातील रंगद्रव्यापासून बनते. उत्तर भारताच्या मानाने दक्षिणेत तिचे प्रमाण अधिक आढळते आणि तिच्यावर आहाराची सत्ता कमी चालते. पडून राहिलेल्या रसाचा गाळ होतो, याचे सर्वांत स्पष्ट प्रत्यंतर रुग्णालयात मिळते. ज्या रोग्यांना तोंडाने काही न देता केवळ शिरेतून पोषण द्यावे लागते, त्यांच्यापैकी अनेकांच्या पित्ताशयात काही आठवड्यांतच गाळ साठतो. तोंडाने खाणे सुरू झाले की तो निघून जातो.

आता हे ज्ञान आपल्या दिनक्रमास लावून पाहू. आमच्या बेळगावात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. चौविहार पाळणारा गृहस्थ सूर्यास्तापूर्वी जेवला व सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी त्याने नवकारशी पारली, तर मधले अंतर सुमारे चौदा तासांचे होते. अमेरिकेत स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीचा एक अहवाल १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांचा रात्रीचा उपवास दीर्घ होता, त्यांना पित्ताशयाच्या खड्यांसाठी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग अधिक आला, असे त्यात आढळले. तेव्हा हे चौदा तासही दुर्लक्ष करण्याजोगे नव्हेत. परंतु धर्माने सांगितलेली मर्यादा तेथे संपते, आणि पुढची भर आपण आपल्या व्यवसायाने घालतो. नवकारशी पारायची ती अर्ध्या कप चहाने. मग रविवार पेठेत माल उतरून घेण्याची घाई, आडत्यांचे फोन, बँकेचा भरणा. पहिला घास तोंडात पडायला दुपारचा एक वाजतो. चौदा तासांचे एकोणीस झाले. हे पाच तास कोणत्याही व्रतात लिहिलेले नाहीत. आणि इतका वेळ तुंबलेल्या पित्ताशयावर एकदम काय येऊन पडते? पुरी, तळलेले फरसाण, आणि कोणाकडे मुहूर्त असला तर वर कुंदा.

नवकारशीनंतर पोटभर नाही तरी नेमस्त न्याहारी घ्यावी, हा आमचा पहिला आग्रह आहे. दूध अथवा दही, एखादी भाकरी किंवा उपमा, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम एवढे पुरे. पित्ताशय हालते ठेवण्यास दहा ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे तूप, पुरेसा होतो. तुपाचा थेंबही वर्ज्य करणे जसे उपयोगाचे नाही, तसे वाटीभर तूपही नाही.

घरातील स्त्रियांविषयी येथे विशेष लिहिले पाहिजे. या विकाराचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत मुळातच अधिक असते. गर्भारपणात ते वाढते, चाळिशीनंतरही वाढते. आपल्या घरांतून दीर्घ तपे करण्यात स्त्रियाच पुढे असतात, आणि इतर दिवशी सर्वांना वाढून झाल्यावर सर्वांच्या शेवटी जेवतात त्याही त्याच. पुरुषांच्या दुपारच्या डब्याची वेळ ठरलेली असते. डबा भरणारीच्या जेवणाची वेळ कोणी पाहत नाही.

आता दीर्घ तपांचा विचार. वर्षीतपात एक दिवसाआड उपवास येतो. आदल्या सूर्यास्तापासून पारण्याच्या नवकारशीपर्यंत दर खेपेस छत्तीस तासांच्या वर पोट रिकामे राहते व हा क्रम तेरा महिने चालतो. अठाईत सलग आठ दिवस जातात. अशा उपवासात पित्ताशय स्वस्थ पडून राहते. शिवाय शरीरातील चरबी वेगाने विरघळू लागल्यामुळे यकृत पित्तरसात अधिक कोलेस्टेरॉल सोडते. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरले की खडे होण्याचा संभव वाढतो, ही गोष्ट वैद्यकात सर्वमान्य आहे. लग्नाआधी झटपट बारीक होऊ पाहणाऱ्या मुलींनाही हा नियम तितकाच लागू पडतो. आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल सर्वच वर्ज्य असल्यामुळे पित्ताशयाचे आकुंचन कमी होते; पण निरोगी माणसास नऊ दिवसांच्या अशा आहाराचे फारसे भय बाळगण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ज्याच्या पित्ताशयात खडा असल्याचे ठाऊक आहे, ज्यास मधुमेह आहे, अथवा ज्यास पूर्वी एकदा कळ येऊन गेली आहे, त्याने मात्र कोणतेही दीर्घ तप आरंभण्यापूर्वी पोटाची सोनोग्राफी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो महाराजसाहेबांच्या कानी घालावा. पच्चक्खाण घेण्यापूर्वी शक्तीचा विचार करावा, हे तर साधुसाध्वीच सांगत असतात.

उपवासापेक्षाही पारण्याच्या दिवशी अधिक सावध असावे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी अठाई केली. आठही दिवस प्रकृती उत्तम होती. पारण्याच्या सकाळी घरातील वडील बाईंनी मुगाचे पाणी व पातळ राब दिली. तेवढ्यावर थांबते तर बरे होते. परंतु सगेसोयरे जमलेले, प्रत्येकाला आपल्या हाताने तपस्व्यास एक घास भरवायचा होता, आणि बाराच्या पंगतीत श्रीखंड, पुरी, कचोरी असा थाट होता. नको म्हणणे त्यांच्याने झाले नाही. तिसऱ्या प्रहरी उजव्या फासळीखाली कळ सुरू झाली ती पाठीत, उजव्या खांद्यामागे गेली. ‘उपवासाचे पित्त आहे’ म्हणून सोडा दिला, शेक दिला. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा दवाखाना गाठला. एक बारीक खडा पित्तनलिकेत अडकला होता. ते बरे झाले. पण असा खडा स्वादुपिंडास सूज आणू शकतो व तो प्रसंग जिवावरही बेततो. खडे त्या आठ दिवसांत झाले नव्हते, ते आधीपासूनच असावेत. आठ दिवस निजलेले पित्ताशय त्या पंगतीने एकाएकी जोराने आवळले गेले, इतकेच.

मुगाचे पाणी देणाऱ्या त्या वडील बाईंचेच बरोबर होते. जुन्या रीतीचे पारणे हलके असते ते उगीच नव्हे. पहिल्या दिवशी मुगाचे पाणी, भाताची पेज, पातळ राब. दुसऱ्या दिवशी मऊ खिचडी व चमचाभर तूप. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाकरी, वरण, दुधी-दोडक्याची भाजी. आणि गोडधोड व तळलेले त्यानंतर. आठ दिवसांच्या तपास आहारावर येण्यासाठी चार-पाच दिवस द्यावेत. स्वामीवात्सल्याची पंगत खुशाल व्हावी, तपस्व्याने त्या दिवशी पंगतीत केवळ बसावे. भरवण्याचा आग्रह करणाऱ्यांनाही हे सांगण्याची जबाबदारी घरच्या कर्त्या माणसाने उचलावी. तपस्व्यास ते संकोचाने सांगता येत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत अनशन पहिले. त्याच्या लगोलग अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, ज्यास आपण ऊणोदरी म्हणतो. आणि पुढे रसपरित्याग. अनशनाचा वरघोडा निघतो, त्याचे फलक लागतात. ऊणोदरीची मिरवणूक निघाल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही! पण ज्याच्या पित्ताशयात खडा आहे त्यास डॉक्टरांनी लंघन वर्ज्य केले, तरी त्याचे तप बुडत नाही. वेळेवर, थोडे, आणि आवडीचा तळलेला पदार्थ सोडून जेवणे हे दोन तपांचे एकत्र आचरण होय, आणि पित्ताशयास नेमके तेच हवे असते.

नित्याच्या आहारात आपल्या भागातील ज्वारीची भाकरी उत्तम. गव्हाचे पीठ असल्यास कोंडा चाळून टाकू नये. तूर, मूग, मसूर, हरभरा या डाळी रोज असाव्यात. चातुर्मासात पालेभाज्या व तिथीस हिरवी भाजी वर्ज्य असल्याने ताटातील चोथा कमी होतो आणि त्या जागी मैदा, साखर व फरसाण शिरते; याच काळात अख्खी कडधान्ये, डाळी व जाडे धान्य वाढवले पाहिजे. साखर व मैदा यांचा अतिरेक तुपाइतकाच दोषी आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. शेंगदाणे, बदाम, अक्रोड यांचा नेमस्त उपयोग करणाऱ्यांत हा विकार कमी आढळतो. कॉफीविषयीही असेच आहे : सुमारे शेहेचाळीस हजार अमेरिकन पुरुषांच्या दहा वर्षांच्या पाहणीत रोज दोन-तीन पेले कॉफी पिणाऱ्यांस खड्यांचा त्रास पुष्कळ कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. म्हणून चहा सोडून कॉफी धरावी असे मात्र आम्ही सुचवीत नाही. त्यापेक्षा सकाळी देरासरात किंवा बस्तीत पायी जावे. दिवसभर गादीवर बसणाऱ्यास चालणे अधिक लाभते.

खडा एकदा झाल्यावर आहाराने तो विरघळत नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. कुळथाचे कढण घेऊन मुतखडा पडतो असे ऐकून कित्येक जण पित्ताशयाच्या खड्यावरही तेच घेतात; परंतु पित्तरसाचा मार्ग मूत्रमार्गास मिळतच नाही. लिंबाचा रस व ऑलिव्हचे तेल पिऊन ‘खडे पाडण्याचा’ एक प्रयोगही लोकप्रिय आहे. दुसऱ्या दिवशी हिरवट गोळे पडतातही. ते तपासले असता खडे नसून त्या तेलाचाच पोटात बनलेला साबण असल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली दाखवण्यात आले. एवढे तेल एका वेळी पिणे हेच खडा असलेल्यास धोक्याचे आहे. दहांपैकी सुमारे आठ जणांस आपल्याला खडे आहेत याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अशांनी घाबरून जाऊ नये. ज्यांस कळ येते त्यांनी भजी, पुरी, खव्याची मिठाई, बासुंदी, साय वर्ज्य करावी, दिवसातून चार वेळा थोडे थोडे खावे, त्यायोगे कळ पुष्कळदा टळते. मात्र कळ पाच-सहा तास राहिली, थंडी वाजून ताप आला, डोळे अथवा लघवी पिवळी झाली, तर सोड्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेचे भयही आता पूर्वीसारखे उरलेले नाही. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया लांगेनबुख यांनी बर्लिन येथे १८८२ साली केली. दुर्बिणीतून ती करण्याचा आरंभ भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केला. आज बहुतेक रोगी दोन-तीन दिवसांत घरी परततात. पित्ताशय काढल्यावर यकृताचा रस थेट आतड्यात झिरपू लागतो. म्हणून पहिले काही आठवडे स्निग्ध पदार्थ कमी व जेवण विभागून घ्यावे, जुलाब झाल्यास तूप-तेल आणखी कमी करावे. पुढे बहुतेकांस पूर्वीचा साधा आहार सोसतो. उपवास पुन्हा करता येईल काय, असे अनेक जण विचारतात. जखम भरून आल्यावर व शस्त्रवैद्यांची अनुमती मिळाल्यावर एकासण्यापासून आरंभ करावा, आणि पारणे मुगाच्या पाण्यानेच करावे.