"अभिनंदन, तुमचं नाव लागलं!" आणि मग "माफ करा, चुकून गेलं"

व्हिडिओमध्ये हा विषय मी घाईत उरकला. त्यातला पैशांचा आणि शब्दाचा भाग राहूनच गेला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गोष्ट अमेरिकेतली आहे, पण शेवटी आपल्या मालवणातच येऊन थांबते. मार्च २००९. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत त्या वर्षी ४६ हजारांहून जास्त मुलांनी अर्ज केले होते. प्रवेश मिळाला साधारण १८ हजारांना. बाकीच्या २८ हजारांना नकार आधीच कळवलेला. आणि एका सोमवारी या सगळ्यांच्या सगळ्यांना ईमेल गेला: तुम्हाला प्रवेश मिळाला याचा आम्हाला आनंद आहे, कॉलेज बघायला या! काही तासांत माफीचा ईमेल मागोमाग गेला. पण तेवढ्या वेळात घराघरांत काय झालं असेल, विचार करा. मूल एकदा रडून मोकळं झालेलं, मग नाचलं, मग परत रडलं.

इथे मजकूर बरोबर होता. पाठवणाऱ्याने यादी चुकीची उचलली, बस्स.

२०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजात वेगळीच गंमत झाली. वेबसाइट तपासायला ठेवलेलं नमुन्याचं पत्र काढायचं राहून गेलं. १२२ मुलांनी निकाल उघडला, सगळ्यांना "प्रवेश मिळाला" असं दिसलं. खरा मिळाला होता ४६ जणांना. ७६ मुलं फुकट हवेत गेली आणि खाली आली. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाने कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी अर्ज केलेल्या सुमारे ८०० जणांना होकार पाठवला आणि साधारण सात तासांनी परत घेतला. २०२१ मध्ये तर केंटकी विद्यापीठाने हद्द केली. ज्या कोर्सला ३५-४० मुलं घेतात, त्याचा होकार गेला पाच लाख मुलांना!

तुम्ही म्हणाल, एवढी मोठी विद्यापीठं, एवढी माणसं कामाला, तरी चुकतात? हो, चुकतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एकट्याने धंदा चालवणारे तुम्ही-आम्ही किस झाड की पत्ती?

आता माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. पाडव्याच्या हापूससाठी माझ्याकडे देवगडकडच्या बागायतदारांकडून ४० पेट्या पक्क्या होत्या. फोनमध्ये दोन ब्रॉडकास्ट लिस्ट: "आंबा पाडवा" आणि "आंबा पाडवा नवे". पहिलीत ज्यांची पेटी ठरली ते ४० जण. दुसरीत नुसती चौकशी केलेले दीडशेच्या वर. दुपारी जेवता जेवता एका हाताने मेसेज सोडला: "अभिनंदन! पाडव्याची तुमची पेटी पक्की. पैसे आज पाठवा." गेला दुसऱ्या यादीला.

हात धुवून येईपर्यंत मोबाइलवर पैसे यायला लागले. मी खूश! पाचव्या-सहाव्या नावाला डोक्यात उजेड पडला. कळेपर्यंत २२ जणांनी पैसे टाकले होते.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" केला. समोरच्याला काय दिसलं? आधी पैसे मागितले, पैसे मिळाले, आणि मेसेज गायब. फसवणारा माणूस बरोबर हेच करतो. दहा मिनिटांत फोन सुरू. म्हणून सांगतो, चुकलेला मेसेज पुसायला धावू नका. त्याच्याच खाली लगेच दुसरा टाका: चूक आमची आहे, यादी चुकली, तुमची पेटी ठरलेली नाही, पैसे टाकले असतील तर आज परत करतो. "तांत्रिक अडचणीमुळे" वगैरे शब्द नकोत. ते वाचून कोणाचाच राग शांत होत नाही.

पैसे टाकलेल्या २२ जणांना मी एकेक करून फोन केला. १३ जणांनी पैसे परत घेतले, दोघांनी चार शब्द सुनावले, ते ऐकून घेतले. डोंबिवलीच्या एक काकू, मूळच्या कट्ट्याच्या, म्हणाल्या, "पैशाचा ऱ्हवांदे रे झिला, मी विहिणीक सांगलंय. आता तिका काय सांगू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यासारखे ९ जण पेटीवर अडून राहिले. त्यांच्यासाठी मी पेटीमागे १३०० रुपये जास्त मोजून दुसऱ्या बागायतदाराकडून माल उचलला आणि ठरलेल्या भावातच दिला. ११,७०० रुपये गेले. घरी बायको दोन दिवस बोलली नाही.

हे मोठेपणा म्हणून केलं नाही. बीबीएला बिझनेस लॉ शिकलो होतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम २२ सांगतं की फक्त एका बाजूची समजूत चुकली होती, एवढ्या कारणावर करार रद्द करता येत नाही. तुम्ही "पक्की" म्हणालात, भाव ठरलेला होता, समोरच्याने पैसे दिले. मग "माझी यादी चुकली" हे तुमचं घरचं कारण झालं. प्रत्येक केस वेगळी असते, वकील बारकावे काढतील. पण आपण कोर्टात जाणार नाही, आपल्याला पुढच्या पाडव्याला त्याच माणसाला आंबे विकायचे आहेत.

शब्दांवरून एक आठवलं. २०२० मध्ये पवईच्या आयआयटीत उलटं झालं. देशात २७० वा आलेल्या मुलाला जागा मिळाली होती. ऑनलाइन प्रक्रियेत त्याने पुढच्या फेऱ्या नकोत असं समजून एक पर्याय दाबला आणि हातातली जागाच सोडली गेली. संस्थेचं म्हणणं, पर्याय स्पष्ट होता. मुलाचं म्हणणं, मला तो तसा वाटला नाही. हायकोर्टाने नाही म्हटलं, शेवटी सुप्रीम कोर्टाने डिसेंबरमध्ये त्याला तात्पुरता प्रवेश द्यायला लावला. लिहिणाऱ्याला स्पष्ट आणि वाचणाऱ्यालाही स्पष्ट, यात इतकं अंतर असू शकतं. "नोंद झाली", "बुकिंग झालं", "पक्कं" हे आपल्याला वेगळे वाटतात. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला तिन्हींचा अर्थ एकच: आंबे येणार.

तेव्हापासून माझ्याकडे चौकशीच्या यादीचं नाव "नाही ठरलं" असं आहे. सारखी दिसणारी नावं बंद. पैशांचा मेसेज आधी स्वतःला आणि बायकोला जातो. ती "हां" म्हणाली की मगच पुढे. आणि त्यात गिऱ्हाइकाचं नाव आणि पेट्यांचा आकडा हाताने टाकतो. ४० मेसेजना तासभर लागतो, लागू दे. होमस्टे, स्कूबा, क्लासची अ‍ॅडमिशन, सगळ्यांना हेच लागू. मे महिन्यात एकच खोली दोन कुटुंबांना "कन्फर्म" गेली तर रात्री दहाला तारकर्लीत दारात दोन गाड्या उभ्या राहतील.

काकूंना आता मेसेज पाठवत नाही. फेब्रुवारी संपला की फोनच करतो. यंदा त्यांनी दोन पेट्या सांगितल्या, एक विहिणीची.