लेक कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय शिकणार?



वडगाव रासाईच्या एका गटात मागच्या महिन्यात एका ताईंनी ४० हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. लेक बारावी झालेली, तिला शहरातल्या क्लासमध्ये 'एआय'चा कोर्स करायचा होता. मी विचारलं, "त्यात काय शिकवणार?" ताई म्हणाल्या, "ते नाय माहीत, पण त्यालाच मागणी हाय म्हणत्यात." म्हैस घेताना आपण दूध किती देते ते विचारतो. मग इथं का नाही? म्हणून आजचा हा पाठ.

कामं कोणकोणती?

• प्रोग्रॅमिंग : कर्जाचं व्याज आपोआप निघावं, यासाठी कॉम्प्युटरला पायरीपायरीनं सूचना लिहून देणं.
• डेटा : सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करून परतफेड कुठं थकते ते शोधणं.
• टेस्टिंग : तयार ॲप वापरून त्यातल्या चुका काढणं.
• नेटवर्क : कॉम्प्युटर एकमेकांशी जोडणं, बंद पडले तर चालू करणं.
• सायबर सुरक्षा : पेटीची चावी कुणाकडं राहील हे आपण ठरवतो, तशीच माहिती नि पैसे राखणं.

एआयलाही गणित, प्रोग्रॅमिंग आणि डेटाचा पाया लागतोच.

आधी करून बघा

लेकीला गटाची बचत कॉम्प्युटरवर मांडायला सांगा. मग जुन्या हिशेबातली चूक शोधायला द्या. कशात ती वेळ विसरते, ते बघा. नावापेक्षा आवड महत्त्वाची.

शिकायचे रस्ते

दहावीनंतर आयटीआयचा 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा केला, तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर बीसीए किंवा इंजिनिअरिंग करता येतं, त्यासाठी सीईटी द्यावी लागते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश 'कॅप' फेरीतून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, तर ही माफी मिळत नाही.

त्या ताईंच्या लेकीनं गटाचं रजिस्टर तपासलं आणि व्याजाच्या बेरजेतली जुनी चूक काढली. आता ती आधी सीईटी देणार आहे. कर्जाचा अर्ज ताईंनी स्वतःच मागं घेतला.

बैठकीत चर्चा करा

१. क्लास काय शिकवणार, हे लेखी मिळालं का?
२. आधी शिकून गेलेल्या मुलीशी बोललात का?
३. हा निर्णय लेकीचा आहे की शेजारपाजाऱ्यांचा?