दुकानातील नवा मुनीम : पत्रव्यवहार, वेळापत्रक आणि जाहिरातीचे गाणे

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. कापडाच्या धंद्यात मराठी आम्हाला गिऱ्हाइकांनीच शिकवली. इंग्रजी पत्र मात्र तीस वर्षे दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावे लागले. कधी ओळखीचे मास्तर, कधी पुतण्या. लिहून देणाऱ्याला आमचा खरेदीचा भाव कळायचा, कोणाची किती उधारी आहे तेही कळायचे, आणि तो परगावी गेला की पत्र चार दिवस पडून राहायचे. आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची हीच अडचण असल्याने हा विषय येथे घेत आहोत.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतर गूगलचे जेमिनी, मायक्रोसॉफ्टचे कोपायलट अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एकामागून एक आली. वेळणेश्वरात 2012 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील एका विद्यार्थ्याने ही साधने आमच्या मोबाइलवर चालू करून दिली आणि एक हंगामभर आम्ही ती तीन कामांना लावून पाहिली. कोणते साधन अधिक हुशार, हा आमचा प्रश्न नव्हता. चूक झाली तर पैसे कोणाचे जातात, या एका मापाने आम्ही ती मोजली.

प्रथम ईमेल, कारण खरा उपयोग येथेच आहे. आमच्या समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांसाठी निवासस्थाने वाढली आहेत. तेथे पडदे, चादरी, नोकरांचे गणवेश लागतात, आणि आता दरपत्रक ईमेलवर मागतात. उर्दूत किंवा मराठीत बोलावे आणि नीटनेटके इंग्रजी पत्र हाती यावे, हे काम चॅटजीपीटी आणि जेमिनी दोन्ही चांगले करतात. जीमेल वापरणाऱ्यास जेमिनी सोयीचे, कारण ते तेथेच बसलेले आहे. आमच्या मिश्र बोलीतले सांगणे मात्र चॅटजीपीटीला थोडे अधिक समजते, असे आम्हास वाटले. सुपरह्यूमन नावाचे खास ईमेलचे साधन आहे. त्याचा दर महिना 30 डॉलर ऐकला आणि आम्ही पुढे गेलो. ते दिवसाला शेकडो पत्रे येणाऱ्याचे काम.

आता धोका सांगतो. 40 गणवेश-कोटांचे दरपत्रक करायचे होते, भाव नगास 1,800 रुपये. एका साधनाने (नाव घेत नाही) त्यावर 12 टक्के जीएसटी लावला. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के कर आहे. त्याआधी 1,000 रुपयांवरच्या कपड्याला 12 टक्के होता. म्हणजे साधनाला जुना दर पाठ होता. 72,000 रुपयांच्या मालावर 5,040 रुपयांचा फरक पडला. पत्र तसेच गेले असते तर ऑर्डर शेजारच्या दुकानात गेली असती, आणि का गेली हे आम्हाला कधीच कळले नसते.

दुसरा धोका याहून बारीक आहे. बाहेरगावच्या एका पुरवठादारास आम्ही एवढेच कळवायला सांगितले की, 58 इंच पन्ह्याचे ताके पाठवावेत, पैशाचे ईदनंतर बघू. साधनाने सौजन्याच्या भरात लिहिले की ईदनंतर लगेच पूर्ण रक्कम देण्याची आम्ही हमी देतो. आम्ही हमी दिलीच नव्हती! माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये 2008 च्या दुरुस्तीने जे 10-अ कलम आले, त्यानुसार केवळ ईमेलवर झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही. शिवाय पुरवठादार नोंदणीकृत लघुउत्पादक असेल तर 2006 च्या कायद्याने लेखी करार नसल्यास 15 दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. म्हणून मुदतीचा शब्द आपणच तोलून घालावा.

इंग्रजी कच्चे असणाऱ्याने तपासावे कसे? आमची रीत अशी. एका साधनाने केलेले पत्र दुसऱ्या साधनास द्यावे आणि उर्दूत किंवा मराठीत अर्थ विचारावा. त्याच साधनाला त्याच संभाषणात विचारले तर आपण मूळ सांगितलेलेच ते परत ऐकवण्याचा संभव असतो. आकडे, तारखा, पन्हा आणि कर हे तर स्वतः बोट ठेवून वाचावेत. भाव आणि उधारीची नावे साधनाला सांगूच नयेत. ती जागा रिकामी ठेवून पाठवण्यापूर्वी आपल्या हाताने भरावी. नाहीतर पूर्वी मास्तरांना कळायचे, आता कंपनीला कळणार, एवढाच फरक.

वेळापत्रकाचे थोडक्यात सांगतो. रीक्लेम, मोशन ही साधने दिवसभर बैठका असलेल्या कचेरीसाठी आहेत. ती कामे आणि बैठका आपोआप पुढेमागे सरकवतात. आमचे गिऱ्हाईक वेळ ठरवून येत नाही, त्यामुळे सरकवायचे काय? गूगल कॅलेंडर पुरेसे आहे, आणि जेमिनीला तोंडी सांगितले की नोंद होते. मात्र 'ईदच्या आधी' असे कधीही सांगू नये. 2025 साली बकरी ईद आखातात 6 जूनला झाली, आपल्याकडे 7 जूनला. दुबईस जाणाऱ्या माणसाबरोबर कपडे पाठवायचे होते आणि साधनाने शिंप्याची मुदत इकडच्या ईदेवरून मोजली. शिंप्यानेच विचारले, "शेठ, तो माणूस तर 4 तारखेला निघतो ना?" म्हणून निभावले. कॅलेंडरमधील हिजरी तारखा गणिताने येतात, चंद्र त्यांना बांधील नाही. आम्ही आता इंग्रजी तारीख आणि वार सांगतो, तोही दोन दिवस अलीकडचा.

याच कॅलेंडरमध्ये आणखी एक नोंद करावी. 2025 मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी, जिओने जेमिनी आणि खुद्द ओपनएआयने चॅटजीपीटी गो ठरावीक मुदतीसाठी फुकट देऊ केले. ज्यांनी ते घेतले त्यांनी आपली मुदत कधी संपते ते पाहून तारीख लिहावी, म्हणजे खात्यातून पैसे परस्पर वळते होणार नाहीत.

राहिले जाहिरातीचे गाणे. सुनो आणि उडिओ ही यातली प्रसिद्ध साधने. शब्द द्यावेत, मिनिटभरात गाणे तयार. ज्यांना वाद्ये नको असतील त्यांनी फक्त आवाज मागावा, पण मागूनही मागे ढोलकी डोकावते. सुनोवर फुकटात केलेले गाणे धंद्यासाठी वापरण्यास परवानगी नाही, त्यासाठी पैसे भरावे लागतात. जून 2024 मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी या दोघांवर दावे केले. ऑक्टोबर 2025 मध्ये युनिव्हर्सलशी समझोता झाल्यावर उडिओने तयार गाणे उतरवून घेण्याची सोयच बंद केली. ज्यांची जाहिरात तेथे पडून होती त्यांची काय धावपळ उडाली असेल! चित्रपटगीत लावून दुकानाची जाहिरात करणे हाही उपाय नव्हे, त्यालाही हक्कदाराचा परवाना लागतो.

आम्ही चार ओळी स्वतः लिहून एका साधनाकडून गाऊन घेतल्या. आवाज गोड होता, पण गावाचे नाव त्याने 'वेलनेश्वर' म्हटले आणि दुकानात बसलेली मंडळी हसू लागली. तीन वेळा सांगूनही सुधारणा झाली नाही. सध्या रिक्षावर भाच्याच्या आवाजातील ध्वनिफीत फिरते. त्याला 'ळ' व्यवस्थित येतो.