शरीरांतील निरोपे

श्रावण-भाद्रपदाचे दिवस आले कीं ढाणकीच्या पंचक्रोशींत पऱ्हाटी कमरेला लागते, पातीफूल धरते, आणि वावरावावरांतून फवारणीच्या पंपांचा आवाज ऐकूं येऊं लागतो. आमच्या वर्गांतील बाकेंही त्याच सुमारास अधूनमधून रिकामीं दिसतात; कारण विहिरीवरून पाणी आणून देणें, पंप भरून देणें हीं कामें बहुधा मुलांच्याच वाट्यास येतात. अशाच एका मुलानें चार दिवसांनीं वर्गांत परत आल्यावर आम्हांस विचारलें, "गुरुजी, औषध मारलें अळीवर, मग माणसाच्या तोंडाला पाणी कां सुटतें आणि डोळ्यांना अंधुक कां दिसतें?"

प्रश्न लहान होता. परंतु त्याचें खरें उत्तर द्यावयाचें तर शरीरांतील एक पेशी दुसरीस निरोप कसा धाडते, येथपासून आरंभ करावा लागतो. तासाच्या अवधींत तें झालें नाहीं. म्हणून तें येथें लिहितों, आणि मुलांनीं तें घरीं मोठ्यानें वाचून दाखवावें अशी विनंती करितों.

मनुष्याचें शरीर सुमारें तीस लक्ष कोटि पेशींचें बनलेलें आहे असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं एक पातळ, स्निग्ध पडदा असतो व त्या पडद्याआड तिचा संसार चालतो. शरीर एक आणि अवयव अनेक, हा पौलाचा दृष्टांत आपण उपासनेच्या वेळीं पुष्कळदां ऐकतों. परंतु डोळ्याचें काम हातास कळावें कसें, ही व्यवस्था मोठी नवलाची आहे. पेशींना तोंड नाहीं, कान नाहींत. त्या एकमेकींकडे रासायनिक द्रव्यांचे कण पाठवितात. हेच शरीरांतील निरोपे.

निरोप धाडण्याच्या रीति मुख्यतः दोन. पहिली दवंडीची. कोतवालानें गांवभर दवंडी पिटली म्हणजे ती सर्वांच्या कानीं पडते. परंतु शेतसाऱ्याची बाकी ज्याच्याकडे असेल तोच चावडीकडे जातो, बाकीचे आपल्या कामांत असतात. शरीरांतील कांहीं ग्रंथि असेंच एखादें द्रव्य रक्तांत सोडतात व तें रक्ताबरोबर सर्वत्र फिरतें. इ. स. १९०२ मध्यें बेलिस व स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं एका कुत्र्याच्या आंतड्याच्या एका भागाचे मज्जातंतु तोडून तेथें थोडें आम्ल घातलें. मज्जातंतु तुटलेले असूनही स्वादुपिंडांतून पाचक रस वाहूं लागला! म्हणजे निरोप रक्तांतून गेला होता. पुढें १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं अशा द्रव्यांस 'हॉर्मोन' हें नांव दिलें. आपण त्यांस संप्रेरकें म्हणतों. बैल अंगावर धांवून आला म्हणजे काळीज धडधडतें, तें ॲड्रेनलीन या संप्रेरकामुळें. जेवणानंतर रक्तांतील साखर स्नायूंनीं व चरबीच्या पेशींनीं उचलून घ्यावी, हा निरोप इन्शुलिनचा.

दवंडी सर्वांच्या कानीं पडते, तरी उठतो तो ठराविकच, याचें कारण असें कीं, प्रत्येक निरोप घेण्यासाठीं पेशीच्या पडद्यावर विशिष्ट घडणीचा एक रेणु बसविलेला असतो. त्यास 'ग्राही' म्हणतात. कुलपांत किल्ली बसावी तसा निरोप्या आपल्या ग्राहीवर बसतो. ज्या पेशीवर तो ग्राही नाहीं तिला तो निरोप कळतच नाहीं. इन्शुलिन पेशीच्या आंत जात नाहीं. तें बाहेरच्या ग्राहीवर बसतें, त्यामुळें ग्राहीचा आंतला भाग बदलतो, त्यानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास जागवावें असें होत होत शेवटीं साखरेचे दरवाजे पेशीच्या पृष्ठभागावर येऊन लागतात. कांहीं थोडे निरोपे मात्र स्निग्ध असल्यामुळें पडदा ओलांडून थेट आंत शिरतात.

वनस्पतींतही असे निरोपे असतात. आंब्याची अढी घालतांना आपल्या आजीला इथिलीन वायूचें नांव ठाऊक नसतें, पण पिकलेल्या फळांतून निघणारा हा वायु कच्च्यांना पिकण्याचा निरोप देतो, म्हणूनच ती गवतांत झांकून एकत्र ठेवावी लागतात. तण मारण्याचें 'टू-फोर-डी' हें औषध म्हणजे वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कलच होय. उंसांत किंवा ज्वारींत मारलेल्या या औषधाचा वारा शेजारच्या कपाशीस लागला, तर तिचीं पानें चिंबून बोटांसारखीं निमुळतीं होतात. धुऱ्यावरून भांडणें होण्यास एवढें कारण पुरतें. असो.

निरोपाची दुसरी रीति चिठ्ठीची, हातोहात पोंचविण्याची. मज्जातंतु जेथें संपतो आणि स्नायु जेथें सुरू होतो, त्या दोहोंमध्यें एक फट असते. तिची रुंदी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. या फटींतून निरोप विजेच्या ठिणगीनें जातो कीं द्रव्यानें जातो, यावर शास्त्रज्ञांत बरींच वर्षें वाद होता. ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील विद्यापीठांत ओटो लोवी नांवाचे अध्यापक होते. एका रात्रीं झोपेंत त्यांना या प्रश्नाचा निकाल लावणारा प्रयोग सुचला; उठून त्यांनीं कागदावर कांहीं खरडलें व पुन्हां झोपले. सकाळीं आपलेंच अक्षर त्यांना लागेना! (आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस यांत सांत्वन वाटेल, पण परीक्षकास वाटणार नाहीं.) दुसऱ्या रात्रीं पहांटे तीनच्या सुमारास तेंच पुन्हां सुचलें. या खेपेस ते कागदाच्या भरवशावर न राहतां उठून सरळ प्रयोगशाळेंत गेले.

प्रयोग इतका साधा कीं ऐकून आश्चर्य वाटावें. बेडकांचीं दोन हृदयें काढून तीं मिठाच्या सौम्य पाण्यांत ठेविलीं. तीं कांहीं वेळ धडधडत राहतात. एकास त्याचा मज्जातंतु लागून होता, दुसऱ्यास नव्हता. पहिल्याचा तंतु विजेनें चेतविला, तेव्हां त्याचे ठोके मंदावले. मग पहिल्या हृदयांतील पाणी काढून दुसऱ्यांत घातलें. दुसऱ्यास कोणीही स्पर्श केलेला नसतां त्याचेही ठोके मंदावले. निरोप पाण्यांत होता! हा शोध १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. तें द्रव्य ॲसिटिलकोलीन होय, असें पुढें ठरलें. इंग्लंडांतील हेन्री डेल यांनीं त्याचे गुणधर्म आधींच तपासले होते. दोघांस मिळून १९३६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. लोवी ज्यू होते. दोनच वर्षांनीं, १९३८ सालीं, नाझींनीं त्यांना कैदेंत टाकलें व पारितोषिकाचा पैसा हिरावून घेतल्यावरच देश सोडूं दिला.

आतां आपल्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. हात उचलावयाचा झाला म्हणजे मज्जातंतूच्या टोंकांतून ॲसिटिलकोलीनचे कण फटींत पडतात, स्नायूच्या ग्राहीवर बसतात, तेथील बारीक द्वारें उघडून क्षाराचे कण आंत शिरतात व स्नायु आंखडतो. हेंच द्रव्य लाळेच्या ग्रंथीस सांगतें, 'लाळ सोड'. आंतड्यास सांगतें, 'हालचाल कर'. बाहुलीस सांगतें, 'लहान हो'. आणि हृदयास सांगतें, 'सावकाश चाल'. चिठ्ठी एकच, परंतु घेणाऱ्याचा ग्राही निराळा, म्हणून अर्थ निराळा.

पण चिठ्ठी पोंचल्यावर ती फाडून टाकणाराही कोणी हवा. नाहीं तर एकदां आंखडलेला हात मोकळा व्हावा कसा? भाकरीचा घांस बराच वेळ चावला तर गोड लागतो, कारण लाळेंतील विकर पिठाची साखर करतें, हें आपण प्रयोगानें पाहिलें आहे. तसेंच एक विकर त्या फटींत बसलेलें असतें. त्याचें काम ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणें, एवढेंच. तें इतकें चपळ आहे कीं त्याचा एक रेणु सेकंदास हजारों चिठ्ठ्या फाडतो. या चपळाईवरच आपलें चालणें, लिहिणें व श्वास घेणें अवलंबून आहे.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखीं फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें नेमकीं याच विकरास जाऊन चिकटतात व त्याचे हात बांधून टाकतात. अळीच्या मज्जातंतूंतही ॲसिटिलकोलीनच निरोप नेतें व तेंच विकर तो पुसतें. म्हणून अळी मरते. परंतु ईश्वरानें अळीस व माणसास या कामीं एकच यंत्र दिलें आहे, आणि विषाला दोहोंतील फरक कळत नाहीं. विकर बंद पडलें कीं फटींत चिठ्ठ्यांचा ढीग सांचतो. लाळ थांबेना, घाम व डोळ्यांचें पाणी थांबेना, बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होऊन दिसणें अंधुक, पोटांत कळा, उलट्या, जुलाब. स्नायु प्रथम फुरफुरतात, मग थकून लुळे पडतात. छातींत स्राव भरून घरघर लागते, आणि श्वासाचे स्नायूच थकले म्हणजे जीव जातो.

हें पुस्तकांतलें वर्णन नव्हे. इ. स. २०१७ च्या खरिपांत आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, आणि शेंकडों लोकांस इस्पितळांत ठेवावें लागलें. त्यांतील पुष्कळ यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होते. त्या वर्षीं गुलाबी बोंडअळीनें कहर केला होता. पऱ्हाटी डोक्याला लागण्याइतकी वाढली होती, म्हणून तुषार पायांवर न पडतां तोंडावर उडत होते. उकाडा होता, अंगावर घामानें भिजलेला एक सदरा, आणि दोन-तीन औषधें एकत्र कालवून मारण्याची घाई. सर्व औषधें वर सांगितलेल्या जातीचीं नव्हतीं. कित्येक निराळ्या रीतीनें अपाय करणारीं होतीं. मिश्रणांत काय होतें हें रोग्याबरोबर आलेल्यांस सांगतां येत नसे, व त्यामुळें डॉक्टरांपुढें मोठी अडचण उभी राही. मजुरानें निष्काळजीपणा केला, असें म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. ज्याला हातमोजे कोणी दिलेच नाहींत, त्याच्या निष्काळजीपणाविषयीं बोलणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

यावर उतारा आहे, आणि तोही चिठ्ठीच्याच तत्त्वावर चालतो. ॲट्रोपीन नांवाचें औषध लाळग्रंथि, फुफ्फुसें व हृदय यांवरील ग्राही अडवून बसतें; चिठ्ठ्यांचा ढीग असला तरी वाचणारा कोणी उरत नाहीं. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर तें पुन्हां पुन्हां टोंचतात. स्नायूंवरील ग्राही मात्र निराळ्या घडणीचे असल्यामुळें तेथें ॲट्रोपीन चालत नाहीं. म्हणून कित्येकांस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावें लागतें. रस्त्याकडेच्या धोत्र्यांतही ॲट्रोपीन असतें, हें ऐकून कोणी धोत्र्याचा काढा करावयास जाऊं नये! एका बोंडांत तें किती असेल याचा नेम नाहीं, आणि धोत्र्यानें माणसें मेलेलीं आपल्याकडे ठाऊक आहेत.

आतां वाचतां येणाऱ्या मुलांसाठीं दोन शब्द. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग तांबडा असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याहून कमी, निळा त्याहून कमी व हिरवा सर्वांत कमी. हिरवें म्हणजे निर्धोक नव्हे. बाबांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नसेल, तर तें तुम्ही वाचून दाखवावें. नोझल तुंबलें तर तोंडानें फुंकूं नये, त्याच हातांनीं तंबाखू मळूं नये, वाऱ्याच्या तोंडावर फवारूं नये. हें विष त्वचेंतूनही आंत जातें; सदरा भिजला कीं तो त्याच वेळीं बदलावा, संध्याकाळची वाट पाहूं नये. कोणास मळमळ, घाम, अंधारी असें वाटूं लागल्यास त्याला वावराबाहेर मोकळ्या हवेंत न्यावें, कपडे काढून साबणानें व भरपूर पाण्यानें केंसांसह सर्व अंग धुवावें, डोळे निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावे. धुणारानें स्वतःचे हात झांकावे. ओकारी काढूं नये, दूध-तूप पाजूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. तो डबा पाहून डॉक्टरांस अर्धी वाट सांपडते.

एक गोष्ट घरच्या मंडळींनीं विशेष लक्षांत ठेवावी. रोगी बरा दिसूं लागला, बोलूं लागला, म्हणून त्याला घाईनें घरीं आणूं नये. एक ते चार दिवसांच्या आंत कित्येकांस उशीवरून मान उचलेनाशी होते व पुन्हां श्वास कोंडतो. आणि घरीं आल्यावरही त्याच हंगामांत पुन्हां पंप पाठीवर घेणें धोक्याचें आहे. कारण बांधलें गेलेलें विकर पुष्कळ वेळां सुटतच नाहीं. शरीरास नवें घडवावें लागतें. तांबड्या रक्तपेशींवर हेंच विकर असतें, व त्या पेशींचें आयुष्य सुमारें एकशें वीस दिवसांचें. जुन्या जाऊन नव्या येतील तसतसें तें भरून येतें, म्हणजे दिवसास शंभरांत जेमतेम एक या मानानें. भाद्रपदांत विष भिनलेल्या माणसाचें रक्त पूर्ववत् होईपर्यंत पऱ्हाटीची शेवटची वेंचणीही बहुधा उरकलेली असते.