पाण्याचा हिशेब गुपित असू शकतो काय?



सामाईक विहिरीवर कोण किती पाणी काढतो, हे कुणाला विचारावे लागत नाही. ते सर्वांना दिसते. एखाद्या घरी लग्न असले आणि चार हंडे जास्त गेले, तरी कुणी हिशेब मागत नाही. पण त्याच विहिरीवर कुणी पंप बसवला, की पाणी पाइपातून जाते आणि इतरांना कळते ते विहिरीचा तळ दिसू लागल्यावर. मोठ्या वापरकर्त्यांनी आपला पाणीवापर जाहीर करावा काय, ह्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, द डॅल्स हे सुमारे १६ हजार वस्तीचे शहर आहे. २००६ पासून तेथे गूगल कंपनीचे डेटा सेंटर आहे. अशा केंद्रांतील संगणक सतत तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी अनेक ठिकाणी पाण्याची वाफ होऊ दिली जाते. वाफ झालेले पाणी नळात परत येत नाही.

२०२१ साली कंपनीला तेथे आणखी दोन केंद्रे हवी होती. ‘द ओरेगोनियन’ ह्या वृत्तपत्राने नगरपालिकेला विचारले, “सध्या कंपनी किती पाणी वापरते?” ते व्यापारी गुपित आहे, असे उत्तर आले. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी आकडे खुले करावेत असा निर्णय दिला, तेव्हा नगरपालिका वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेली. दरम्यान नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरपरिषदेने कंपनीबरोबरचा पाणी-करार मंजूरही केला. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले. २०२१ साली कंपनीने सुमारे ३५.५ कोटी गॅलन, म्हणजे जवळपास १३४ कोटी लिटर पाणी वापरले होते. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर दररोज सुमारे ३६८ टँकर! शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्श्याहून हे अधिक होते.

कंपनीने पाणी चोरले नव्हते. करारही कदाचित शहराच्या हिताचा असेल. आपला मुद्दा वेगळा आहे. निर्णय आधी झाला आणि आकडा वर्षभराने आला. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता, त्यांना मत बनवण्याची संधी मिळाली नाही.

मग व्यापारी गुपिताचे काय? लोणच्याचा मसाला ज्याचा त्याने जपावा, कारण तो त्याने स्वतः शोधला. पाणी कुणी शोधून काढलेले नाही. सामाईक साठ्यातून किती घेतले, हा एकट्याचा मसाला नव्हे. घरगुती नळाचे बिल ही कुटुंबाची खासगी बाब आहे. पण ज्याच्या वापराने सर्वांचा वाटा कमीजास्त होतो, त्याच्यावर हिशेब देण्याची जबाबदारी येते. गूगलने केंद्रनिहाय पाणीवापर प्रसिद्ध केला आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

आकड्यांचा विपर्यास होईल, अशी भीती असते. ती अगदीच खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण माहिती देणे: पाणी नदीचे की भूगर्भातले, किती परत सोडले, उन्हाळ्यात किती लागले.

कायद्याने हे साधते काय? युरोपीय संघात मोठ्या डेटा सेंटरांना पाणीवापर कळवावा लागतो. मात्र जनतेसमोर येतात ते एकत्रित आकडे. आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) आठव्या कलमात व्यापारी गुपितांना सूट आहे. पण व्यापक जनहित असेल तर तीही माहिती देता येते. दार बंद नाही. ते ठोठवावे लागते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला आणि पर्यावरणविषयक निर्णयांत पारदर्शकता असावी असा आग्रह धरला. ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. हिशेब नसेल, तर हक्क कागदावर राहतो.

विचारासाठी प्रश्न:
१. आपल्या परिसरात सर्वाधिक पाणी कोण वापरते, हे आपल्याला ठाऊक आहे काय?
२. नव्या प्रकल्पाला पाणी मंजूर होण्यापूर्वी आपण कोणते आकडे मागावेत?
३. आपल्या संस्था, शाळा व सभागृहे स्वतःचा हिशेब फलकावर लावायला तयार आहेत काय?