पहिल्या केमोआधी सांगून ठेवते

पोरी, जावईबापू, दोघंही ऐका. पोरी, परळला टाटा रुग्णालयात तुझी फाइल झाली, सोमवारी तुझी पहिली केमो. औषधांचं डॉक्टर सांगतीलच. मी सांगते ते घरातलं, तुझ्या काकांनी आणि मी याच आजारातून जाताना शिकलेलं.

डिजिटल थर्मामीटर उशाशी ठेवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत नाहीतर घरात पूजा चालू असो, डॉक्टरांना फोन करायचा आणि थेट कॅज्युअल्टी गाठायची. आपल्या मनाने क्रोसिन देऊन वाट बघायची नाही. गोळीने ताप दबतो, इन्फेक्शन आत वाढतच राहतं. रात्रीचा नंबर फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा.

उलटीची गोळी मळमळ सुरू होण्याची वाट न बघता, सांगितलेल्या वेळेलाच घ्यायची. तिच्याने पोट घट्ट होतं, तेही लाजू नको, सांग. तोंड आलं तर मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. सगळ्याला लोखंडाची चव लागायला लागली की स्टीलचा चमचा बाजूला ठेव, लाकडी घे. जावईबापू, फोडणी द्यायची तर स्वयंपाकघराचं दार लावून द्या. त्या वासानेच हिचं जेवण राहील. मेतकूट-मऊभात गार करून दिलात तर दोन घास जास्त जातील. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची कडधान्यं, गाडीवरचा उसाचा रस तूर्त बंद.

आता देवाचं. मी वारकऱ्याच्या घरातली, म्हणून हक्काने सांगते. पेशी खाली असताना देवळातलं तीर्थ प्यायचं नाही. बोट बुडवून डोळ्यांना लाव, नमस्कार पोचतो. कच्च्या दुधाचं पंचामृतही नको. एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळे उपास उपचार संपेपर्यंत सोड; औषध उपाशी अंगाला झेपत नाही. अंगारा कपाळाला लाव, पोटात घेऊ नको. कुणी काढा, पुडी, झाडपाला घेऊन येईल. प्रेमाने ठेवून घे, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नको, काही झाडपाल्याने केमोचं औषधच बिघडतं. नवस बोलायचा तर ‘पायी येईन’ असा बोलू नको, ‘दर्शनाला येईन’ एवढंच म्हण. विठोबा एसटीने आलेल्यालाही भेटतो. आणि कुणी ‘मागच्या जन्मीचं कर्म’ म्हणालं, तर जावईबापू, त्या माणसाला चहा देऊन लवकर वाटेला लावा. आजार शिक्षा म्हणून येत नाही, आणि आपला देव असा नाही. तुझे काका आणि मी रुग्णालयाच्या बाकावर बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणायचो. रिपोर्ट त्याने बदलत नाही. पण नंबर पुकारेपर्यंतची छातीतली धडधड शांत होते, हे मी अनुभवाने सांगते.

हसण्याचंही तसंच. सलाइनच्या स्टँडला तुझे काका ‘व्याहीबुवा’ म्हणायचे. संडासाला निघालं तरी सोबत, दारातून आधी त्यांना वाट, आणि जरा नळी दुमडली की रुसून टुंटुं वाजायला लागायचे. सिस्टरसुद्धा विचारायला लागल्या, ‘व्याहीबुवांचं जेवण संपलं का?’ पण यातही रीत आहे. चेष्टा आजाराची करा, रांगेची करा, व्याहीबुवांची करा. हिच्या केसांची, अंगाची चेष्टा पहिल्यांदा हिनेच करायची. तोवर तुम्ही गप्प. केस दोन-तीन आठवड्यांत जायला लागतील, आधीच बारीक कापून घेतलेले बरे. आणि केमोनंतरचे तीन-चार दिवस विनोद नको, नुसतं पाय चेपत बसा. तिला रडू आलं तर ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका. रडू द्या.

जावईबापू, तुमच्यासाठी एक. दर आठवड्याला एक संध्याकाळ भावाला बसवा आणि तुम्ही बाहेर पडा, मित्राकडे जा, मनातलं बोलून या. सोबतीचा माणूस कोसळला की उपचाराचं वेळापत्रकही कोलमडतं.

मुंबईत राहायची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सदन, दोन्हीकडे आधी चौकशी करा. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून आत्ताच नाव घाला. सोलापूरहून उपचाराला येता-जाता रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट. त्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला रुग्णालयातूनच मिळतो. पहिल्याच खेपेला मागून घ्या.