सुरीच्या पात्यावरील नाममुद्रा

कुंडलिकेच्या खोऱ्यांत, आमच्या वरसे गांवीं, पावसाळ्यांत उघडें लोखंड फार काळ निर्मळ राहत नाहीं. रात्रीं ओला ठेविलेला कोयता सकाळीं तांबूस दिसूं लागतो. हा गंज अडविण्यासाठीं अलीकडे न मिटणाऱ्या सुऱ्यांच्या पात्यांवर काळा किंवा करडा लेप देतात. परंतु त्यामुळें कारागिरापुढें एक प्रश्न उभा राहतो: आपलें नांव लेपाच्या खालीं उमटवावें कीं वर? प्रश्न लहान दिसतो. पण नांव किती काळ टिकेल हें त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून येथें आम्ही त्याचा क्रमानें विचार करीत आहों.

सर्वांत जुनी रीत ठशाची. लोहार पातें भट्टींत लाल करून ऐरणीवर ठेवितो व त्यावर पोलादी ठसा धरून हातोड्याचा घाव घालतो. हें काम पात्यास पाणी देण्यापूर्वींच झालें पाहिजे. पाणी दिल्यावर पोलाद कठिण होतें. मग ठसा नीट उमटत नाहीं, आणि पातें तडकण्याचें भय असतें. अशा खोल अक्षरांवर मागाहून लेप दिला तरी तीं नाहींशीं होत नाहींत. मात्र लेपाची जाडी ध्यानांत घ्यावी. विद्युद्भारानें भुकटी चिकटवून भाजलेला लेप बहुधा ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे सुमारें माणसाच्या केसाइतका जाड असतो. तो बारीक अक्षरें बुजवून टाकतो. निर्वात पेटींत चढविलेला कठिण थर अवघा २ ते ५ मायक्रॉनांचा असल्यामुळें त्याखालीं रेघ न् रेघ तशीच दिसते.

दुसरी रीत विजेची. अक्षरांपुरता मोकळा असलेला पातळ साचा पात्यावर बसवितात, क्षाराच्या पाण्यानें भिजविलेली गादी त्यावर दाबतात व अल्प दाबाचा प्रवाह सोडतात. प्रवाह एकाच दिशेनें वाहिला तर धातु विरघळून अक्षरें खोल होतात. तो दिशा पालटीत राहिला तर तीं काळीं उमटतात. भुकटीचा लेप वीज वाहूं देत नाहीं, म्हणून ही क्रियाही लेपापूर्वींच करावी लागते. आणि लेपाखालून दिसावयाचीं तर अक्षरें खोलच हवींत.

तिसरी रीत लेझर किरणाची. ती लेप दिल्यावरही करतां येते. किरण पडतो तेथील लेप उडून चकचकीत पोलाद दिसूं लागतें. काळ्यावर पांढरें नांव शोभतें खरें. परंतु प्रत्येक अक्षराच्या ठिकाणीं पात्याचें कवच फुटलेलें असतें. साध्या पोलादावर गंज प्रथम तेथेंच धरतो, म्हणून तेलाचा हात फिरवीत असावें. लेपावर शाईनें छापलेलें नांव तर वापरानें घासून जातें.

नांवाची एवढी चिंता कां? पासाउ नगरच्या पात्यांवर धावत्या लांडग्याचें चिन्ह असे. त्याची कीर्ति पाहून झोलिंगेनचे कारागीरही तेंच कोरूं लागले. मग चिन्हावरून गिऱ्हाइकास पात्याचें मूळ कसें कळावें? शेफील्ड येथें १६२४ सालीं कायद्यानें सुरी करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला व कारागिरांच्या चिन्हांची नोंद त्याच्याकडे राहिली. आपल्या देशांत व्यापारचिन्हांचा पहिला कायदा १९४० सालीं झाला. आज १९९९ चा कायदा लागू असून नोंदणीचें मुख्य कार्यालय मुंबईस आहे. महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं लंडनच्या लिलावानंतर मिळविलेल्या रघूजी भोसले यांच्या तलवारीचें पातें युरोपीय आहे. पण सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यावर नांव आहे तें धन्याचें. धन्याचें नांव वैभव सांगतें. कारागिराचें नांव जबाबदारी सांगतें.

विद्यार्थिमित्रहो, घरच्या लेप दिलेल्या सुरीवरील नांव भिंगांतून पाहा. लेप अक्षरांच्या कडांवरून आंत उतरला असेल तर नांव आधीं कोरलेलें आहे. अक्षरांत उघडें पोलाद चमकत असेल तर तें मागाहून उमटविलेलें आहे. उद्यां पातें मोडून कोणाचा हात कापला, तर तें कोणी केलें हें लेप झिजल्यावरही वाचतां आलें पाहिजे. ज्यास आपल्या कामाचा जाब देण्याची भीति नाहीं, तो आपलें नांव खोल कोरतो.